डाव्या नळीतला चंद्र

विल्फ पिंचबेक बंदुकांशी बोलायचा. खोटं नाही सांगत. समुद्रकाठच्या सॉल्टबी गावात चॅपलच्या मागे त्याचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं, आणि रस्त्यानं जाता-येता आतून त्याचा आवाज ऐकू यायचा, "काय गं म्हातारे, बिजागरी ढिली झाली का? होणारच. सव्वाशे वर्षं उघडझाप करतेयस!" गिऱ्हाईक आत शिरलं की मात्र गप्प. आणि गिऱ्हाईक बाई असली तर विचारूच नका, घशात बूच बसल्यासारखा नुसती मान हलवायचा. वय चौसष्ट, डोक्यावर चार केस, लग्न नाही. लग्नाचा विषय निघाला की कानशिलं लाल व्हायची, म्हणून गावातले लोक मुद्दाम काढायचे.

पण जुनी दुनळी बंदूक त्याच्या हातात द्या, आणि बघा माणूस! नळ्या सुट्या करून बोटावर टांगायच्या, वर नखानं टिचकी मारायची. घंटेसारखा नाद घुमला तर जोड पक्का. भांडं फुटल्यासारखा आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलीय, बाजूला ठेवा. मग नळीची जाडी इंचाइंचावर मोजायची, कारण शंभर वर्षं घासून-पुसून ती कुठं कागदासारखी झालेली असेल ते वरून दिसत नाही. मग तपासणीचा शिक्का, मग काडतुसाच्या घराची लांबी. "जुन्या घरात अडीच इंचीच काडतूस," तो दरडावून सांगायचा. "लांब काडतूस बसतं. बसतं म्हणून चालतं असं नाही. लहान भावाच्या कोटात घुसता येतं, हात वर करून बघा काय होतं! आणि पोलादी छर्रे तर नावसुद्धा काढू नका, नळी आतून खरवडून निघेल. बिस्मथचे घ्या, तो धातू मऊ." एवढं लांबलचक बोलून झालं की स्वतःच दचकायचा आणि परत मुका व्हायचा.

दुकानाच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, "नळीत हवेशिवाय काही नको." ही पाटी लक्षात ठेवा. पुढं तिनंच त्याची लाज काढली.

आता हेस्टर ग्रमिट. ही बाई कोबीची लॉरी चालवायची. एकसष्ट वर्षांची, उंच, खांद्यानं दार उघडणारी, आणि आवाज असा की लॉरीला भोंगा नसता तरी चाललं असतं. गावातल्या पाणपक्षी शिकार मंडळात सुरक्षेची प्रमुख तीच. मंडळाचा अध्यक्ष नावाला सिरिल टनार्ड हा खाटीक होता, पण दलदलीत पाऊल टाकल्यावर सिरिलसुद्धा तिला विचारल्याशिवाय शिंकत नसे. तिच्याकडे आजोबांची १८९३ची दुनळी होती, आणि बंदुकीचं नावही तिनं 'आजोबा'च ठेवलं होतं. आजोबा खोकले की एक बदक पडायचं. दोनदा खोकले की दोन.

हेस्टरचा एक नियम होता, दोन चंद्र. बंदूक भरायच्या आधी उघडायची, नळ्या आभाळाकडे धरायच्या आणि मागून डोळा लावायचा. दोन स्वच्छ गोल उजेड दिसले पाहिजेत. एकात जरी काळं दिसलं तरी भरायची नाही. कारण वॉशच्या खाडीतला चिखल म्हणजे काही साधा चिखल नव्हे. ओहोळ ओलांडताना पाय घसरला, नळीचं तोंड क्षणभर टेकलं, की बोटभर चिखलाचं बूच आत. त्यावर बार काढला तर छर्रे पुढं जात नाहीत, नळी फाटते. पडलात, बघा. उडी मारलीत, बघा. मुतायला बंदूक टेकवून ठेवलीत, परत येऊन बघा. "दोन चंद्र?" ती दलदलीच्या एका टोकावरून ओरडायची. "दोन चंद्र!" असं सोळा जणांनी ओरडून सांगायचं. बदकांनासुद्धा ते पाठ झालं असणार.

विल्फ या बाईवर चौदा वर्षं मरत होता.

दरवर्षी ऑगस्टअखेर ती 'आजोबां'ना तपासायला आणायची. एकतीस तारखेला संध्याकाळी तो बंदूक उघडून खिडकीकडे धरायचा. "दोन चंद्र, मिस ग्रमिट." ती डोळा लावायची. "दोन चंद्र, मिस्टर पिंचबेक." त्या वेळी तिचं डोकं त्याच्या खांद्यापासून चार बोटांवर असायचं आणि केसांना कोबीचा वास यायचा. त्या चार बोटांवर गडी वर्षभर जगायचा.

विचारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सुगीच्या जेवणात उठून उभा राहिला, "मिस ग्रमिट, मला तुम्हाला एक विचारायचंय." सिरिलनं तोंडाजवळ नेलेला डुकराच्या मांसाचा तुकडा तसाच धरून ठेवला. विल्फची कानशिलं पेटली. "तुम्ही... बंदुकीच्या दस्त्याला तेल कोणतं लावता?"

"जवसाचं," हेस्टर म्हणाली.

"उत्तम," असं म्हणून तो खाली बसला. नाताळात तिनं त्याला जवसाच्या तेलाची बाटली भेट दिली. ती बाटली त्यानं उघडली नाही, उशाशी ठेवली.

त्या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. ऑगस्टात बंदूक देताना हेस्टर म्हणाली, "नीट बघा हं मिस्टर पिंचबेक. कदाचित शेवटचीच वेळ. लॉरी विकायला काढलीय. बहीण म्हणते वर उत्तरेत इन्व्हरनेसला ये, एकटी काय करतेस तिकडं. ऑक्टोबरात जावं म्हणते."

"अच्छा," विल्फ म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बूच बसलं होतं.

ती गेली आणि विल्फ बाकावर मटकन बसला. 'आजोबा' समोर. "ऐकलंत?" तो बंदुकीला म्हणाला. "इन्व्हरनेस! तिथं काय आहे? ऐन उन्हाळ्यात स्वेटर." चार दिवस त्यानं पत्र लिहायचा प्रयत्न केला. पण या माणसानं जन्मात दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलं तरी द्यायचं कुठं? पोस्टानं पाठवलं तर पोस्टमन सिरिलचा मेहुणा. हातात द्यायचं तर हात थरथरणार. तिनं हमखास, एकटीनं, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं अशी एक तरी जागा पाहिजे.

आणि मग, देवा रे, त्याला ती जागा सुचली.

चाळीस वर्षं नळ्या साफ करणारा माणूस! भिंतीवर स्वतःच्या हाताची पाटी! पण प्रेमात माणसाची अक्कल गहाण पडते म्हणतात ते उगीच नाही. हेस्टर ग्रमिट नळीतून बघितल्याशिवाय बंदूक भरत नाही. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण हेस्टर बघितल्याशिवाय भरणार नाही. म्हणजे नळी हीच सगळ्यात सुरक्षित जागा. असं त्यानं स्वतःला पटवलं आणि टाळीसुद्धा वाजवली. चिठ्ठी विडीसारखी घट्ट गुंडाळली आणि लाकडी काठीनं डाव्या नळीत मधोमध ढकलली. पाटीकडे त्याची पाठ होती.

एकतीस तारखेला त्यानं निरोप पाठवला, काम जरा राहिलंय, पहाटे बांधावर आणून देतो.

एक सप्टेंबर, मोसमाचा पहिला दिवस. समुद्राच्या बांधावर मंडळी जमलेली, थर्मासातून चहा, मनुकांच्या पावाचे जाड काप, वर लोणी, कुत्र्यांची लाडीगोडी. सिरिल आल्या-आल्या सुरू झाला, "अरे वा, विल्फ! आज दलदलीत? रस्ता चुकलास की काय? दुकान तिकडं आहे बाबा."

विल्फनं हेस्टरच्या हातात बंदूक दिली. कव्हरात. आता बंदूक देताना उघडूनच द्यायची हा तिथला रिवाज, तान्ह्या पोरांनाही माहीत असलेला. हेस्टरच्या भुवया वर गेल्या. "कव्हरात?"

"दव," विल्फ म्हणाला. "दव फार आहे."

"ठीक आहेत ना आजोबा?"

"नळ्या उत्तम. बिजागरी घट्ट."

"मग झालं तर," ती म्हणाली, बंदूक खांद्याला अडकवली आणि ओहोळांच्या दिशेनं चालू लागली.

विल्फ एरवी या दिवशी दुकानात असायचा. ऐन वेळी अडलेली गावभरची बंदूक त्याच्याकडेच यायची. आज दुकानाला कुलूप लावून तो तिच्यापासून साठ पावलांवरच्या ओहोळात मांडीभर चिखलात जाऊन बसला. ती चिठ्ठी वाचताना तिचा चेहरा बघायचा होता. छातीत अशी धडधड की बदकं उडतील की काय वाटावं. पूर्वेला उजेड फुटत होता, पाणी मागं सरत होतं, लांब कुठंतरी बदकांची कुजबुज. हेस्टर गवताआड गुडघ्यावर बसलेली स्पष्ट दिसत होती.

तिनं कव्हर काढलं.

तिनं बंदूक उघडली. "आता," तो पुटपुटला. "आता वर धर."

तिनं खिशातून दोन काडतुसं काढली, नळ्यांत सरकवली, आणि बंदूक टक् करून बंद केली.

विल्फला वाटलं आपल्याला नीट दिसलं नाही. डोळे चोळले. बंदूक बंद, भरलेली, तिच्या गुडघ्यावर आडवी. बघितलंच नाही! चौदा वर्षांत जिनं मुतायला गेलेल्या माणसालासुद्धा नळी बघायला लावली, तिनं स्वतः बघितलं नाही! डाव्या नळीत मधोमध कागदाचं बूच, १८९३चं पातळ पोलाद, आणि मधोमध म्हणजे बरोबर तिथं, जिथं खाली तिचा डावा हात.

तेवढ्यात पंखांची शीळ आली. नऊ मॅलर्ड बदकं, पाण्यावरून खाली, सरळ हेस्टरच्या डोक्यावर. ती उठली. बंदूक खांद्याला लागली.

आता काय सांगू तुम्हाला! विल्फ पिंचबेक ओहोळातून उसळला. दोन्ही हात वर, टोपी उडालेली. ओरडायला तोंड उघडलं आणि जन्मभराचं ते बूच फाटकन उडालं. "एकच चंद्र! मिस ग्रमिट! एकच चंद्र!" पाय ओढला तर बूट चिखलात राहिला. एका मोज्यावर पळाला, पडला, उठला, तोंडातला चिखल थुंकला. "मारू नका! नळीत आहे! नळीत... लग्न! नळीत लग्न आहे!"

नऊच्या नऊ बदकं हवेत गर्रकन वळली आणि समुद्राकडे पसार झाली. त्यांच्या मागचा थवा वळला. त्याच्याही मागचा. मोसमाचं पहिलं उड्डाण, वर्षभर वाट बघितलेलं, एका बारापायी नव्हे तर एका मोज्यापायी वाया गेलं. ओहोळाओहोळांतून सोळा डोकी वर आली आणि ज्या शिव्या ऐकू आल्या त्या इथं लिहीत नाही.

हेस्टरनं काय केलं? समोर माणूस दिसला की आधी बंदूक उघडायची, का ते नंतर विचारायचं. तेच तिनं केलं. तो पहिल्यांदा ओरडला तेव्हाच बोट चापावरून निघालं होतं. लग्न हा शब्द कानावर पडेपर्यंत काडतुसं बाहेर होती.

"काय झालं काय तुम्हाला, मिस्टर पिंचबेक?"

विल्फ तिच्यापुढं येऊन गुडघ्यांवर कोसळला. मागणी घालायला नव्हे, मोज्यातला पाय पुन्हा रुतला म्हणून. त्यानं नुसतं आभाळाकडे बोट दाखवलं. हेस्टरनं बंदूक वर धरली, डोळा लावला.

उजवीकडे चंद्र. डावीकडे अंधार.

ती एकदम पांढरी पडली. मग खिशातून साफ करायची तीन तुकड्यांची काठी काढून जोडली, नळ्या सुट्या केल्या, आणि हळूहळू मागून ढकलत ते बूच काढलं. ओलसर, तेलकट, गुंडाळलेला कागद. तोवर सिरिल धापा टाकत पोचला होता. "चिठ्ठी? वाचा ना, मोठ्यानं वाचा."

"सिरिल, मागं हो, नाहीतर तुला ओहोळात घालीन," हेस्टर म्हणाली, आणि तिनं मनात वाचलं. पण मंडळात काय लपतं? दुपारपर्यंत ती चिठ्ठी सगळ्या सॉल्टबीला पाठ झाली होती. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर, दुरुस्तीच्याच अक्षरात,

'मिस ग्रमिट. नळ्या उत्तम. बिजागरी घट्ट. जाडी पुरेशी. मी चौसष्ट, थोडा गंज, चालू स्थितीत. इन्व्हरनेसला जाऊ नका. माझ्याशी लग्न कराल का? वि. पिंचबेक.'

तिनं दोनदा वाचलं. मग भडकली. "गाढवा!" ती ओरडली, आणि लांबवर बसलेले बगळे उडाले. चौदा वर्षं 'मिस्टर पिंचबेक', आणि आज एकदम गाढव! "नळीत? जगात दुसरी जागा मिळाली नाही तुला? खिडकीतून टाकायची! लॉरीच्या काचेला लावायची! अरे, कोबीत खोचली असतीस तरी मिळाली असती!"

"तुम्ही बघणार म्हणून..." विल्फ रडत होता. "तुम्ही नेहमी बघता. बघितल्याशिवाय कधी भरत नाही. आज का नाही बघितलं?"

हेस्टर बसली, चिखलातच, त्याच्या समोर.

"दुकानात तू धरतोस म्हणून डोळा लावते. पण इथं पहिल्या बाराला मी कधीच बघत नाही," ती हळू म्हणाली. "चौदा वर्षांत एकदाही नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी बघते. पण पहिल्यांदा ती तुझ्या हातून आलेली असते ना. तुझ्या हातून आलेल्या बंदुकीत काय बघायचं?"

विल्फला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो आणखीच रडायला लागला. आपण एकटेच चौदा वर्षं चार बोटांवर जगत होतो असं त्याला वाटत होतं. इकडं ही बाई तर आपले दोन्ही हात त्याच्या भरवशावर टाकून मोकळी! त्यानं तिच्या डाव्या हाताकडे बघितलं, बंदुकीखाली असतो त्या, अंगठी घालायच्या हाताकडे. हात मागायला निघालो आणि तोच हात उडवत होतो.

"माफ करा," तो म्हणाला. "माफ करा, मिस ग्रमिट. मी जातो."

"कुठं जातोस? बस खाली. मंडळाची बैठक आहे."

आणि तिथंच, ओहोटीच्या चिखलात, सोळा माणसं आणि सात कुत्री यांच्यासमोर हेस्टर ग्रमिट उभी राहिली. "सुरक्षाप्रमुख या नात्यानं सांगते. पहिला गुन्हा माझा. बघितल्याशिवाय भरली. महिनाभर आजोबा कपाटात राहतील आणि मी सगळ्यांना चहा वाटेन. दुसरा गुन्हा याचा. ज्यानं जाणूनबुजून नळीत काही कोंबलं, त्याला वीस फेब्रुवारीपर्यंत, मोसम संपेपर्यंत, दलदलीत पाय ठेवायला बंदी. कुणाची हरकत?"

"माझी!" सिरिल म्हणाला. "बाई, तुम्ही अर्ध्याचंच उत्तर दिलंत. चिठ्ठीत प्रश्न होता ना? आमची बदकं गेली ती गेली, निदान निकाल तरी ऐकवा!"

सोळाही जण हो हो करायला लागले. कुत्रीसुद्धा भुंकली. हेस्टरची कानशिलं लाल झालेली गावानं पहिल्यांदाच बघितली.

"बंदी दलदलीत आहे," ती म्हणाली. "चर्चमध्ये नाही. एकवीस फेब्रुवारीला ये. खिसे रिकामे करून ये."

मग जो गलका झाला तो पलीकडच्या गावापर्यंत गेला असणार. सिरिलनं विल्फला उचलून खांद्यावर घेतलं, दोघंही घसरून ओहोळात पडले, आणि विल्फचा बूट जो गेला तो आजतागायत सापडलेला नाही. सगळे हसत-खिदळत बांधावर आले. त्या पहाटे सॉल्टबीत एकही बार झाला नाही, एकही बदक पडलं नाही, आणि असा पहिला दिवस कधी झाला नव्हता असं म्हातारे आजही सांगतात.

इन्व्हरनेसच्या बहिणीला पत्र गेलं की मी येत नाही, लग्नाला तूच इकडं ये, स्वेटर घालून. दुकानातल्या पाटीखाली हेस्टरनं खडूनं लिहिलं, "प्रेमपत्रसुद्धा नको." विल्फनं ते पुसलं नाही, वर वार्निश मारलं.

एकवीस फेब्रुवारीला चर्चमध्ये मंडळींनी खच्चून गर्दी केली. पाद्र्यानं अंगठी मागितली. विल्फनं डबी उघडून पुढं केली. हेस्टरनं डावा हात पुढं करायच्या आधी अंगठी डबीतून उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आरपार बघितलं.

"किती चंद्र?" मागून सिरिल ओरडला.

"एकच," हेस्टर म्हणाली. "इथं एकच पुरे." आणि अंगठी विल्फच्या हातात देऊन तिनं बोट पुढं केलं.